चुलीत, बंबात आणि शेकोटीत काय जाळावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. रत्नागिरीकडच्या जुन्या घरातली मातीची चूल आणि तांब्याचा बंब पुन्हा वापरात आणायचा आहे. थंडीत अंगणात शेकोटी आणि जमलं तर पोपटीही (शेंगा भरलेलं मडकं जाळात भाजायचा बेत) करायची आहे. बागेत तोडलेलं सुरूचं झाड, आंब्या-काजूची छाटणी, नारळाच्या झावळ्या, सोडणं (नारळाची वाळलेली सालं), करवंट्या आणि एका मोडक्या होडीच्या फळ्या पडून आहेत. देशावरचे नातेवाईक गोवऱ्या आणि पऱ्हाट्या (कपाशीच्या काड्या) आणून द्यायला तयार आहेत. यातलं काय जाळावं, काय नाही, आणि कोणतं लाकूड सगळ्यात चांगलं?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण सगळे तोच आधी विचारतात. लाकडाची जात चौथ्या क्रमांकाला येते. पहिला प्रश्न लाकूड किती सुकलंय हा, दुसरा ते किती जाड फोडलंय हा, आणि तिसरा तुम्हाला त्यावर काय करायचंय हा. ओल्या बाभळीपेक्षा नीट वाळलेली सुबाभूळ केव्हाही बरी. वजनाच्या हिशेबात वाळलेली बहुतेक सगळी लाकडं जवळपास सारखीच उष्णता देतात, पूर्ण कोरड्या किलोला साधारण ४४०० ते ४८०० किलोकॅलरी. जातीचा फरक पडतो तो घनतेत. जड लाकडाचा तेवढाच तुकडा जास्त वेळ जळतो आणि मागे टिकाऊ निखारा ठेवतो. हलकं लाकूड भपकन पेटून राख होतं.

आता पाण्याचं गणित. नुकत्याच तोडलेल्या लाकडाच्या वजनात ४० ते ५० टक्के पाणी असतं. उन्हाळाभर फोडून वाळवलेल्या लाकडात ते १२ ते २० टक्क्यांवर येतं. २० टक्के ओलीचं लाकूड किलोला ३४०० किलोकॅलरीच्या आसपास देतं, ४५ टक्के ओलीचं जेमतेम २१०० ते २२००. यातला मोठा भाग सरळ वजनाचा आहे: किलोभर म्हणून तुम्ही चुलीत घातलं, पण त्यात लाकूड साडेपाचशे ग्रॅमच होतं. ते पाणी उडवायला जी उष्णता जाते ती दहा-बारा टक्केच. खरी खोट आकड्यात दिसत नाही. लाकूड तापलं की आधी त्यातून वायू निघतात आणि ज्वाला म्हणून आपण पाहतो तो या वायूंचा जाळ असतो. ते पुरते जळायला सुमारे ६०० अंशांच्या वर तापमान लागतं. ओल्या लाकडातली वाफ चुलीचं तोंड तेवढं तापूच देत नाही. मग तेच वायू न जळता बाहेर पडतात. म्हणजे धूर, डोळ्यांतलं पाणी, भांड्याला चिकट काजळी आणि कौलांखाली डांबरासारखा थर. धुराडं असेल तर हा थर आत साठतो आणि एखाद्या दिवशी मोठा जाळ झाला की धुराड्यातच पेट घेतो. त्यामुळे धूर फार होतो अशी तक्रार आली की चुलीची रचना बदलण्याआधी जळण तपासावं.

तपासायला यंत्र लागत नाही. दोन तुकडे एकमेकांवर आपटा: वाळलेलं टणटण वाजतं, ओलं बद्द आवाज करतं. वाळलेल्याच्या टोकांना मधून बाहेर जाणाऱ्या भेगा दिसतात, साल सहज सुटते. नुसत्या टोकांच्या भेगांवर भरवसा ठेवू नका, टोकं आधी सुकतात आणि मधलं पाणी तसंच राहतं. एक तुकडा ढिगातून काढून मधोमध फोडा आणि ताजा पृष्ठभाग गालाला लावून पाहा. गार लागला तर अजून वेळ आहे. सगळ्यात खात्रीची रीत वजनाची. ढीग रचताना एका ओल्या तुकड्याचं वजन करून ते खडूने त्याच्यावर लिहा आणि दर पंधरा दिवसांनी तोलून बघा. ५० टक्के ओलीचं १० किलो लाकूड २० टक्क्यांवर येताना सव्वासहा किलो उरतं. वजन उतरायचं थांबलं की त्या हवेत जेवढं वाळायचं तेवढं वाळलं.

हेच गणित वखारीतही वापरा. लाकूड किलोवर विकलं जातं, त्यामुळे जूनच्या शेवटी उघड्यावर भिजलेल्या थप्पीतून घेतलेल्या १०० किलोंत ४५ किलो पाण्याचे पैसे मोजले जाण्याची शक्यता असते. मार्च-एप्रिलमध्ये घ्या, आणि जाड ओंडक्यांऐवजी बंबफोड (बंबात मावतील असे बारीक फोडलेले तुकडे) मागा. दर जास्त असतो, पण फोडणावळ आणि वाळवण्याचा वेळ दोन्ही वाचतात.

फोडणं हा वाळवण्याचाच भाग आहे. साल असलेल्या गोल ओंडक्यातून पाणी बाजूने फारसं निघत नाही, टोकांकडूनच निघतं. मनगटापेक्षा जाड लाकूड न फोडता ठेवलं तर वर्षभर ठेवूनही आत ओल सापडते. चुलीसाठी लांबी हातभर आणि जाडी अंगठ्यापासून दोन बोटांपर्यंत, म्हणजे २ ते ४ सेंटिमीटर, हे माप धरा. शेकोटीसाठी ८ ते १० सेंटिमीटरही चालतं. सुरू, बाभूळ, धावडा ही लाकडं ओली असतानाच फोडून घ्या. एकदा वाळली की कुऱ्हाड उडते, गाठीवर तर पहार आणि पाचर घेऊनही घाम निघतो. तुमचा सुरू तोडून किती दिवस झाले ते लिहिलेलं नाही. महिन्याच्या आत असेल तर या आठवड्यातच फोडून टाका.

रचताना जमिनीपासून वीतभर उंच, चिऱ्यांवर किंवा दोन आडव्या वाशांवर. खाली वारा फिरला नाही तर तळाचा थर कुजतो आणि वाळवी लागते. थर आडवे-उभे, फटी ठेवून. वरून पत्रा किंवा झाप, पण बाजू उघड्या. सगळ्या ढिगाला ताडपत्री गुंडाळणं ही नेहमीची चूक. आत दमटपणा कोंडतो आणि लाकडाला बुरशी येते. सुबाभूळ दोन सेंटिमीटरपर्यंत फोडली तर फेब्रुवारी ते एप्रिलच्या उन्हात सहा ते आठ आठवड्यांत तयार होते, सुरू-बाभळीला तीन महिने धरा. कोकणात मृगाच्या आधी सगळं पडवीत किंवा माळ्यावर गेलं पाहिजे. आषाढात हवेत इतका दमटपणा असतो की कोरडं लाकूडही पुन्हा ओल धरतं, म्हणून दोन दिवसांचं जळण चुलीजवळच्या कोरड्या कोपऱ्यात किंवा चुलीच्या वर टांगलेल्या मांडणीवर ठेवायची जुनी सवय योग्य आहे. फक्त ते वैलाला (चुलीच्या बाजूच्या जोडतोंडाला) चिकटून ठेवू नका. ढीग घराच्या भिंतीपासून लांब असू द्या. तुमच्या भागात फुरसं आणि विंचू लाकडाच्या फटीत बसतातच, तेव्हा वरचा तुकडा आधी काठीने हलवायचा आणि मग उचलायचा. संध्याकाळनंतर तर बॅटरीशिवाय हात घालायचाच नाही.

किती लागेल? पाच माणसांचा दोन वेळचा स्वयंपाक साध्या चुलीवर दिवसाला अंदाजे ५ ते ७ किलो कोरडं लाकूड खातो. पावसाळ्याच्या १२० दिवसांना ७५० किलोंच्या आसपास. मध्यम जड लाकूड रचलं की घनमीटरला साधारण साडेतीनशे ते चारशे किलो बसतं, म्हणजे दोन मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर उंच एवढी रास. बंबाचं वेगळं. गॅसशी तुलना हवी असेल तर: १४.२ किलोच्या एका सिलिंडरचं काम साध्या चुलीवर करायला पावणेदोनशे किलोंच्या आसपास सुकं लाकूड जातं, कारण साधी चूल १० ते १५ टक्केच उष्णता भांड्याला देते. सुधारित चुलीसाठी भारतीय मानक आयएस १३१५२ ने किमान २५ टक्के कार्यक्षमता ठरवली आहे, पंख्याच्या चुलीसाठी ३५. तशी चूल असेल तर तेच काम १०५-११० किलोंत होतं. रोजचा स्वयंपाक बंद खोलीत करायचा असेल तर माझं मत सरळ आहे: गॅस वापरा, आणि चूल पडवीत भाकरी, मासे, मटण यांच्यापुरती ठेवा.

आता तुमच्या बागेतलं एकेक.

सुरू सगळ्यात वर. किनाऱ्यावर वारा अडवायला लावलेलं हे झाड जळणासाठी देशातल्या उत्तम लाकडांत मोजलं जातं. जड, कमी राख, ओलसर असतानाही बऱ्यापैकी जळतं, निखारा टिकतो. नुसत्या सुरूने चूल पेटवायला जाऊ नका, उशीर लागतो. आधी हलकं पेटवा, मग सुरू सरकवा.

आंबा मध्यम. वाळला की शांत जळतो, पण राख जास्त आणि निखारा लवकर मावळतो. ओला असताना फार धुरकट. आंब्याच्या चिकाची ज्यांना अॅलर्जी आहे त्यांनी कोवळ्या ओल्या फांद्यांचा धूर टाळावा. काजूचं लाकूड हलकं, पेटवणीला आणि बंबाला ठीक, भाकरीला कुचकामी. पण काजूच्या बियांची टरफलं चुलीत घालू नका. त्यांतलं तेल कातडीला फोड आणतं, आणि त्याचा धूर डोळे-घसा जाळतो. ते कारखान्याच्या भट्टीचं जळण आहे, घरच्या चुलीचं नव्हे. फणस, जांभूळ चांगलं जळतं.

कायद्याचं एक: छाटणीचं आणि पडलेलं लाकूड वेगळं, पण जळणासाठी उभं झाड पाडायचं ठरवलंत तर १९६४ चा महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम आड येतो. आंबा, फणस, साग, खैर, ऐन यांसारखी झाडं त्याच्या अनुसूचीत आहेत आणि खासगी जमिनीतलीही वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. खाडीकाठची खारफुटी तर अजिबात नाही. त्यात गेवा नावाचं एक झाड असतं, त्याचा चीक डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते.

नारळाचं प्रत्येक अंग वेगळं वागतं, म्हणून सगळं एकत्र कोंबू नका. वाळलेली पोय (नारळाच्या फुलोऱ्यावरचं आवरण) आणि झावळीची पाती ही उत्तम पेटवण; काडी लावली की पेटतात, पण मिनिटभरात संपतात. झावळीचा दांडा कापून वाळवला तर हलक्या लाकडासारखा चालतो. करवंटीची ज्वाला तेलकट आणि फार तापट असते. ती बंबाला योग्य. चुलीत एका वेळी दोन-तीन तुकड्यांपेक्षा जास्त घातल्या तर पातेल्याला जाड काजळी धरते आणि मातीचं भांडं असेल तर तडकायची भीती. करवंटीचा कोळसा मात्र फार चांगला, म्हणूनच इस्त्रीवाले त्याला मान देतात. सोडणं कोरडी असतील तर धुमसत राहतात, विस्तव राखायला उपयोगी. ओली असतील तर त्यांच्याइतका धूर दुसरं काही करत नाही. पावसात भिजलेल्या सोडणांचं जळण करण्यापेक्षा ती माडाच्या आळ्यात खोलगट बाजू वर ठेवून पुरा, ओल धरून ठेवतात.

होडीच्या फळ्या नको. हे मी सर्वांत जोर देऊन सांगतो, कारण वाळलेलं जाड लाकूड फुकट पडलेलं पाहून मोह होतो. होडीवर रंगाचे थर असतात, तळाला शेवाळ-कालवं चिकटू नयेत म्हणून विषारी लेप आणि डांबर असतं. शिवाय वर्षानुवर्षं मुरलेलं मीठ. मीठ मुरलेलं लाकूड जळताना क्लोरीनची संयुगं तयार होतात, ती फुप्फुसांनाही वाईट आणि बंबाच्या तांब्यालाही. समुद्रातून वाहून आलेल्या लाकडालाही हेच लागू. याच यादीत प्लायवूड, एमडीएफ, सनमायका लावलेल्या फळ्या, जुन्या रंगवलेल्या खिडक्या (जुन्या रंगात शिसं असतं) आणि रेल्वेचे काळे स्लीपर येतात. पॅकिंगच्या खोक्यांचं आणि पॅलेटचं लाकूड बघून घ्यावं: शिक्क्यात एचटी असेल तर ते उष्णतेने निर्जंतुक केलेलं आहे, जाळायला हरकत नाही. एमबी असेल तर मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली आहे, ते बाजूला. चूल पेटवायला प्लास्टिकची पिशवी किंवा टायरचा तुकडा घालायची सवय बऱ्याच घरांत आहे. त्याची गरजच ओल्या लाकडामुळे पडते. रॉकेल ओतणं त्याहून वाईट, विशेषतः निखारे असलेल्या चुलीत. वाफ होऊन एकदम भडका उडतो.

रानातल्या काही झाडांचंही लक्षात ठेवा. कण्हेर आणि पिवळी बिट्टी यांची काटकी शेकोटीत किंवा कबाबाच्या सळईसाठी कधीच नको, झाड अंगोपांगी विषारी आहे. शेर आणि निवडुंगाचा चीक डोळ्यांना घातक. बिब्ब्याच्या धुराने अंग सुजतं. घाणेरी उलट फुकटचं चांगलं जळण आहे: पाला झाडून काड्या वाळवा, तुरकाट्यांसारख्या (तुरीच्या वाळलेल्या काड्यांसारख्या) पेटतात, आणि रानही मोकळं होतं. बांबू वापरायचा तर फोडूनच. बंद पेरात हवा तापून फटाक्यासारखा फुटतो आणि विस्तव उडतो.

चुलीवर काय शिजवायचंय त्यावर जळण बदलतं. भाकरीला दोन गोष्टी एका वेळी लागतात: तव्याखाली सारखी, पसरलेली ज्वाला आणि पुढ्यात भाकरी फुगवायला ओढून ठेवलेला निखारा. म्हणून भाकरीला सुरू, बाभूळ, वेडी बाभूळ, धावडा यांसारखं जड लाकूड, सोबत ज्वाला उचलायला दोन बारीक ढलप्या. नुसत्या काटक्यांवर तवा मधे जळतो आणि कडा कच्च्या राहतात. पुढ्यात निखारा नसतो म्हणून भाकरी पुन्हा तव्यावरच फुगवावी लागते. भात-आमटीला आधी हलक्या लाकडाची ज्वाला, उकळी आली की लाकूड मागे ओढून निखाऱ्यावर. झाकण ठेवा आणि डाळ आधी भिजवा. जळण वाचवायचे हे दोन उपाय लाकडाच्या कोणत्याही निवडीपेक्षा मोठे आहेत. दूध आटवायला, कुळीथ-पावटे शिजवायला वैल आणि गोवरी.

पेटवतानाचा क्रम: तळाला राखेचा पातळ थर ठेवा पण साठू देऊ नका, हवेची वाट बंद होते. शक्य असेल तर तळाशी लोखंडी जाळी बसवा, लाकूड दोन-अडीच इंच उचललं गेलं की खालून वारा मिळतो. पोय किंवा काथ्या, त्यावर उभ्या-आडव्या बोटाएवढ्या ढलप्या, मग तीन लाकडं टोकं एकत्र येतील अशी. तीनपेक्षा जास्त घातली तर तोंड कोंडतं आणि धूर स्वयंपाकघरात येतो. टोक जळेल तसं पुढे सरकवायचं. फुंकणी सतत लागत असेल तर लाकूड ओलं आहे किंवा राख भरली आहे, तिसरं कारण क्वचितच असतं.

बंबाची गरज वेगळी. मधली नळी अरुंद असते, तिला वीतभर लांबीचे, बारीक, चटकन पेटणारे तुकडे हवेत. करवंट्या, काजूच्या ढलप्या, बंबफोड, वाळलेल्या झावळीचे दांडे. जड ओंडकी नळीत अडकते, धुमसते आणि आतून काजळी धरते. काजळीचा थर जमला की तेच पाणी तापायला दुप्पट जळण लागतं असं वाटू लागेल. महिन्यातून एकदा नळी थंड असताना काथ्याच्या बोळ्याने घासून घ्या. बंबात पाणी नसताना विस्तव टाकायचा नाही, झाळलेले सांधे सुटतात. जवळ सॉ मिल असेल तर भुसाही उपयोगी आहे, पण बंबात मोकळा टाकू नका, श्वास कोंडतो. त्यासाठी भुशाची शेगडी: डब्याच्या तळाशी बाजूला दोन इंचांचं भोक, त्यातून आडवा दांडका मधोमध येईल असा, त्यावर उभी बाटली, भोवती कोरडा बारीक भुसा मुठीने ठोकून घट्ट भरा. दांडका आणि बाटली फिरवत अलगद काढल्या की काटकोनात वळलेला बोगदा राहतो. खालच्या भोकातून पेटवा. नीट ठोकलेली शेगडी कित्येक तास मंद जळते. भुसा ढासळला तर तो सैल भरला होता किंवा फार जाडाभरडा होता, किंचित पाणी शिंपडून पुन्हा ठोका. प्लायवूडचा भुसा नको, त्यात गोंद असतो.

आता देशावरून येणारा माल. गोवऱ्यांत उष्णता लाकडापेक्षा थोडी कमी, किलोला ३००० किलोकॅलरीच्या आसपास, आणि राख वजनाच्या पाव भागापर्यंत. धूरही लाकडापेक्षा जास्त. म्हणून बंद घरात रोजचं जळण म्हणून गोवरी मी सुचवत नाही. तिचा गुण एकच, पण मोठा: सारखा, मंद, तासन्‌तास टिकणारा ताव. हुरड्याच्या आगटीला (कणसं भाजायच्या खड्ड्यातल्या विस्तवाला) गोवऱ्याच लागतात, विदर्भातले रोडगे गोवऱ्यांच्या निखाऱ्यातच भाजतात. लाकडाच्या ज्वालेवर दोन्ही वरून करपतात आणि आतून कच्चे राहतात. कोकणात आणायच्या तर पूर्ण कोरड्या आणि मेच्या आत आणा. दमट हवेत त्या भुसभुशीत होतात, बुरशी आणि किडे होतात. घरी गुरं चार-पाच असतील तर शेण थापण्यापेक्षा गोबर गॅसला लावा. रोजच्या २५ किलो शेणातून साधारण एक घनमीटर गॅस मिळतो, दोन घनमीटरच्या संयंत्रावर घरचा स्वयंपाक होतो, आणि खत जळून जात नाही, स्लरीतून परत मिळतं.

पऱ्हाट्या म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्या. जळण म्हणून चांगल्या: लाकडासारख्या जळतात, लवकर पेटतात. खानदेशात भरताची वांगी काड्यांवरच भाजतात, कारण उंच, जलद ज्वालेने साल चटकन करपते आणि धुराची चव आत उतरते. तेच वांगं गोवरीवर ठेवलं तर नुसतं शिजतं. पण पऱ्हाट्या साठवून ठेवू नयेत. न फुटलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दबा धरून राहते आणि पुढच्या हंगामात नव्या कपाशीवर जाते. तुमच्याकडे कपाशी नाही, पण नातेवाइकांना सांगा: शेताच्या बांधावर रचून ठेवू नका, बोंडं झाडून नष्ट करा आणि काड्या उन्हाळ्यातच जाळून संपवा. तुरकाट्यांना ही अडचण नाही. त्या पेटवणीला उत्तम. उसाचं पाचट जळणाला घेऊ नका, भडकतं आणि संपतं. पुण्याच्या आरती (ॲप्रोप्रिएट रुरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूट) या संस्थेने पाचटाचा कोळसा करून त्याच्या विटा बनवायची रीत दाखवली, तिला २००२ साली शाश्वत ऊर्जेसाठीचा ॲश्डेन पुरस्कार मिळाला. पाचटातून घरगुती जळण काढायचं तर असंच. नाहीतर ते शेतात आच्छादन म्हणून जास्त कामाचं. दाणे काढलेली मक्याची कणसं मिळाली तर मात्र सोडू नका, कोरडी असली की चूल आणि बंब दोन्हींना चालतात.

कोळशाबद्दल दोन शब्द, कारण शेगडीचा विषय निघणारच. लाकडी कोळसा किलोला ७००० किलोकॅलरीच्या आसपास देतो, ज्वाला जवळपास नाही, धूर नाही. भाजायला उत्तम. दगडी कोळशावर अन्न थेट भाजू नका, गंधक असतं. पण धूर नाही म्हणजे धोका नाही ही समजूत जिवावर बेतते. धुमसणारा कोळसा आणि निखारे कार्बन मोनॉक्साइड सोडतात. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं जड होतं, मळमळतं, झोप येते, आणि झोपलेला माणूस उठत नाही. थंडीत दारं-खिडक्या लावून खोलीत शेगडी ठेवून झोपण्याचा परिणाम दरवर्षी बातम्यांत दिसतो. बाळंतिणीच्या शेकशेगडीलाही हाच नियम: शेक देताना दार आणि समोरची खिडकी उघडी, शेक संपला की शेगडी खोलीबाहेर. वावडिंग-ओव्याची धुरी तान्ह्या बाळाच्या नाकाजवळ नको. निखारा लाल आहे की राखाडी, यावरून हवा सुरक्षित आहे की नाही ते कळत नाही.

शेकोटी अंगणात, गवताच्या गंजीपासून, मांडवापासून आणि झापांच्या छपरापासून किमान दहा फूट लांब, वारा पाहून. भोवती नदीतले गोटे लावू नका. त्यांच्या भेगांत पाणी असतं, तापलं की फुटतात आणि कपच्या उडतात. नुसतं शेकायचं असेल तर आंबा, काजू, काहीही वाळलेलं चालेल. खायचं भाजायचं असेल तर सुरू किंवा बाभळीचा निखारा पडेपर्यंत अर्धा-पाऊण तास थांबा, ज्वालेवर मासा ठेवू नका. चीड-देवदाराची खोकी भाजायला नकोत, राळेचा कडवट वास लागतो आणि ठिणग्या उडतात. नीलगिरीचंही तसंच.

पोपटीला जड लाकूड लागत नाही. भांबुर्डा या रानटी सुवासिक झुडपाचा पाला, वालाच्या शेंगा भरून उपडं केलेलं मडकं चहूबाजूंनी एकसारखं तापायला हवं, म्हणून त्याभोवती पेंढा, झावळ्या, काटक्या आणि बाहेरून काही गोवऱ्या असा हलका, पसरलेला जाळ. अर्ध्या-पाऊण तासात होते. एका बाजूला ओंडका लावला तर मडकं तिथेच तडकतं. मडक्यावर पाण्याचे थेंब शिंपडले आणि ते चरचरून लगेच उडाले की आतलं तयार समजतात.

राख थंड दिसली तरी तिच्यातले निखारे दुसऱ्या दिवसापर्यंत जिवंत असतात, तेव्हा ती प्लास्टिकच्या घमेल्यात किंवा पालापाचोळ्याच्या खड्ड्यात टाकू नका. पत्र्याच्या झाकणाच्या डब्यात दोन दिवस ठेवा. शेकोटी विझवताना पाणी ओतून काठीने ढवळा आणि पुन्हा ओता. शुद्ध लाकडाची राख कोकणातल्या आम्लधर्मी जांभ्या मातीत थोडी-थोडी घालायला चालते, झाडाला दोन मुठी पुरे. रंगवलेलं किंवा प्लायवूड चुकून जाळलं गेलं असेल त्या दिवसाची राख मात्र भांडी घासायलाही नको आणि परसातही नको.